निळ्या बोर्डावरची अक्षरं

७ डिसेंबर, रविवार

आज पुन्हा फाटा चुकला. ट्रक दुभाजकावर चढला, आडवा झाला, टमाटे रस्ताभर! कपिल पुढे कडेला ट्रक लावून माझी वाट बघत बसला.

हा लॅपटॉप कपिलचाच. कॉलेजात असताना गेमसाठी हट्टाने घेतलेला, आता आठ वर्षांचा. पुण्याला नोकरी लागली तसा त्याने नवीन घेतला आणि हा माझ्या गळ्यात मारला. रविवारी अकराला तो तिथून, मी दिग्रसहून, दोघं गेममध्ये एकाच रस्त्यावर ट्रक चालवतो. परदेशातले रस्ते. फोन स्पीकरवर.

एरवी पोरगा फोनवर काय बोलतो? जेवले का, बरं आहे का, ठेवतो. ट्रक चालवताना मात्र तासभर बोलतो. साहेबाचं सांगतो, खोलीवरच्या मित्राचं सांगतो. मागच्या रविवारी एक मुलगी आवडते तेही सांगून टाकलं. तोंडाकडे न बघता सांगता येतं म्हणून असेल. मला तो तास फार लागतो.

आणि आज म्हणाला, "बाबा, त्यापेक्षा लुडो खेळू का?"

लुडो! तीस वर्षं कापसाच्या जिनिंगचा ट्रक चालवलेल्या माणसाला लुडो!

दोष लॅपटॉपचा आहे. लांबचं सगळं धुरकट दाखवतो. निळ्या बोर्डावर काय लिहिलंय ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही, आणि जवळ जाईपर्यंत फाटा मागे पडलेला असतो. नवीन ग्राफिक्स कार्ड टाकायचं. ठरलं.

८ डिसेंबर

मी चालवतो त्या शाळेच्या व्हॅनचा डावा आरसा फुटला. दाराचा पिवळा रंगही खरवडला. शनिवारी बाजारात उभी केली होती, कोणीतरी घासून गेला असणार. हल्लीची पोरं मोटारसायकली अशा दामटतात की विचारू नका. दुपारभर चिडचिड झाली.

कपिलची आई शकू म्हणाली, "डोळे दाखवून घ्या न एकदा."

आरसा कोणी फोडला आणि डोळे कोणी दाखवायचे? मी म्हटलं, दिग्रस ते वणी खड्डान् खड्डा मले पाठ हाय. ती भाकरी थापत राहिली.

१० डिसेंबर

स्टँडजवळ संघदीपचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे लॅपटॉप नेला. म्हटलं, गेम उघडायला जन्म जातो, हार्ड डिस्क बदल. आणि ग्राफिक्सही नवीन टाक.

त्याने मागचं झाकण काढलं आणि माझ्याकडे बघितलं. आतून कापूस निघाला! चिमट्याने ओढतोय, ओढतोय, संपेचना.

"काका, हा लॅपटॉप हाय का रजई?"

दुकानातली चार माणसं हसली. मीही हसलो, काय करणार. यंदा शेतातला कापूस बैठकीत भरलाय, भाव चढेपर्यंत तो तिथेच. मी गंजीला पाठ लावून बसतो आणि लॅपटॉप कापसावरच ठेवतो. मऊ लागतं, उंचीही बरोबर येते. पंखा आत सगळं ओढत होता म्हणे, म्हणून तापायचा आणि गेम अडकायचा.

१२ डिसेंबर

लॅपटॉप आणला. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली. आधी बटण दाबून चहा पिऊन यायचो, आता कपाला हात लावेपर्यंत गेम उघडतो. खूश झालो.

ग्राफिक्सचं मात्र नाही म्हणाला. "ते आतल्या मदरबोर्डालेच पक्कं बसवलेलं राह्यते काका, बदलता येत नाई. पण काई खराब नाई त्याले." मग गेम लावून दाखवला. "तो निळा बोर्ड पाहा. केवढा साफ!"

मी हो म्हटलं. मला निळं दिसलं. लोक बसले होते, वाद कुठे घालायचा.

ही वही लवकर संपतेय. शकू म्हणते, केवढी मोठी अक्षरं काढता.

१४ डिसेंबर, रविवार

ट्रक लोण्यासारखा पळाला. कुठे अडकला नाही. आणि तरी फाटा चुकला! दोनदा!

वैतागलो. कपिलला म्हटलं, फसवलं मले त्या संघदीपनं, बोर्ड अजून धुरकटच हाय. तो म्हणाला, "स्क्रीनचा फोटो पाठवा, मी बोलतो त्याच्याशी." ट्रक थांबवला, मोबाइलने तीन फोटो काढले, पाठवले.

मग त्याचा आवाज, एकदम हळू. बोर्ड वाचून दाखवत होता. डावीकडे बंदर, दोन किलोमीटर. सरळ विमानतळ. खाली बारीक अक्षरात पेट्रोल पंप, तेही वाचलं.

"फोटोत सारं चोख दिसून राह्यलं, बाबा."

मी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं.

"शाळेची व्हॅन अजून तुमीच चालवता का?"

म्हटलं रेंज नाही, आणि फोन ठेवला. पोटच्या पोराशी खोटं बोललो.

१५ डिसेंबर

व्हॅन नेली. अकरा मुलं. अगदी हळू चालवली.

परत येताना रिकामी व्हॅन आर्णी फाट्यावर थांबवली आणि पाटीकडे बघितलं. काय लिहिलंय ते मला माहीत आहे. वर्षानुवर्षं माहीत आहे, म्हणून कधी वाचायची वेळच आली नाही. आज वाचायचा प्रयत्न केला. पांढरं पांढरं दिसलं, बस.

शकूला सांगितलं नाही. भीती वाटते आहे.

१६ डिसेंबर

व्हॅन काढली नाही. सगळ्या घरी फोन करून सांगितलं, आज मुलांना तुम्हीच सोडा. मग व्हॅनच्या रस्त्याने पायी निघालो, प्रत्येक घरापाशी थांबत.

दुसरीतली प्रेरणा रोज फाटकाच्या खांबाला टेकून माझी वाट बघते. त्या खांबावर पिवळा ओरखडा आहे. खाली आरशाच्या काचा. तिथे हात ठेवून उभा राहिलो. तिचं डोकं बरोबर तेवढ्याच उंचीवर येतं.

घरी येऊन चावी शकूच्या हातात दिली. कपिलला फोन लावला. "मले दिसत नाई रे," म्हटलं.