पहिली दहा मिनिटं

प्रिय ठमे,

समोर दुरुस्तीला आलेला एक कॉम्प्युटर आत्ताच चालू केलाय आणि दहा मिनिटं त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. हातांना काहीतरी चाळा हवा, म्हणून हे पत्र. सात महिन्यांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस. पण आईने दिलेला कागद तू फेकणार नाहीस, म्हणून हा तिच्याच हाती पाठवणार आहे. अर्धं मिनिट झालंय. प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा अठ्ठ्याहत्तरवर गेलाय आणि टेबलाखाली माझा पाय हलायला लागलाय.

आई बरी आहे. तू गेल्यापासून ती दुकानात तुझ्या स्टुलावर येऊन बसते आणि गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सल्ले देते. परवा एकाला म्हणाली, बंद करून परत चालू करा. त्याचं काम झालंही, मग दिवसभर तिचा तोरा बघायचा. दुसरी बातमी म्हणजे तुझ्या नव्या वर्कशॉपच्या मालकांचा फोन आला होता. तुला कायम करण्याआधी तुझं काम कसं आहे, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी म्हटलं, चार दिवसांनी सांगते. खरं सांगू का, तू तिथे कायम झालीस की इकडे परत येणार नाहीस, म्हणून मी टाळलं.

तीन मिनिटं, एकसष्ट. हे तू मला किती वेळा समजावलंस. चालू केल्याबरोबर सगळे प्रोग्रॅम एकदमच जागे होतात. व्हायरस तपासणारा, अपडेट शोधणारा, प्रत्येकाला आपलंच काम आधी हवं असतं. प्रोसेसर बिचारा पूर्ण वेगाने धावतो, पंखा मागाहून वेग घेतो. नखाएवढा तुकडा तो, क्षणात तापणारच. म्हणून तू भिंतीवर कागद चिकटवलास, ‘दहा मिनिटांआधी आकडा लिहू नये.’ मी हसले होते. ताई सकाळी उठल्याउठल्या घर डोक्यावर घेते तसंच हे, असं तू म्हणालीस तेव्हा मात्र हसू आलं नाही.

सहा मिनिटं, सेहेचाळीस. मध्येच पंचावन्न, परत सत्तेचाळीस. कुणी हातही लावलेला नाही. आपल्याला वाटतं रिकामं बसलंय, पण आत बारीकसारीक कामं निघतच असतात. एखादं आलं की क्षणभर उसळी, मग पुन्हा खाली. सात महिने माझंही हेच चाललंय. दुकानात गप्प बसलेली असते, तुझा स्क्रूड्रायव्हर नजरेला पडतो आणि तो दिवस जसाच्या तसा वर येतो.

हे मशीन दंतवैद्य बाईंचं आहे. हो, तेच. मध्येच बंद पडतं म्हणून आलं होतं आणि तू पंखा साफ करून प्रोसेसरवर त्याची उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली होतीस. बाई घाईत होत्या. मी त्यांच्यासमोर चालू केलं, अर्ध्या मिनिटात अठ्ठ्याहत्तर दिसले आणि माझं डोकं फिरलं. पेस्ट लावायचीच विसरलीस, लक्ष कुठे असतं तुझं, असं त्यांच्यादेखत बोलले. तू एवढंच म्हणालीस, ताई, दहा मिनिटं थांब. मी थांबले नाही. उघडूनही न बघता जॉबकार्डवर ‘निष्काळजी’ असं लिहिलं. तू ॲप्रन काढलास, त्याची नीट घडी घातलीस आणि गेलीस. त्या घडीचा मला कितीतरी दिवस राग होता.

बाई परवा परत आल्या, दुखणं तेच. काल मशीन उघडलं. स्क्रूवर तुझा निळ्या नेलपॉलिशचा ठिपका शाबूत, म्हणजे तुझ्यानंतर कुणी उघडलेलंच नाही. आत पेस्ट होती, पातळ आणि कडेपर्यंत सारखी. मला इतकी चांगली लावता येत नाही. मी खाली बसले आणि रडले. मग दवाखान्यात जाऊन बघितलं. पेशंटची खुर्ची मागे झुकवली की तिच्यात अडकलेली वायर ओढली जाते आणि मशीनची वीज तुटते. तापण्याशी त्याचा काहीच संबंध नाही. ती वायर मी दुसरीकडून घेतली. एकदा उघडलं की पेस्ट बदलावीच लागते, म्हणून इथे जुनी पुसून नवी तुझ्यासारखी लावायचा प्रयत्न केलाय, तेवढंच आता तपासतेय.

दहा मिनिटं झाली. एकेचाळीस. चूक माझी होती, ठमे. बाईंना तसं सांगितलं आणि कार्डावरचा तो शब्द खोडला. आज सकाळी तुझ्या मालकांनाही फोन केला. सांगितलं, तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, तिला सोडू नका. आता ते सोडणार नाहीत, हे ठाऊक असून केला. तू दुकानात परत ये असं म्हणायचा हक्क मी घालवलाय, पण रविवारी घरी ये. भांडायचं असेल तर भांड. तुझा तो कागद भिंतीवरून काढून मी घराच्या दाराला आतून लावलाय. तू आत आलीस की पहिली दहा मिनिटं मी तोंड उघडणार नाही.

तुझीच,
ताई