घास गळ्याखाली उतरेपर्यंत

॥ श्री ॥

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
८ जुलै २०२४

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुमच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि आपण दोघी नुसतं हॅलो हॅलो करत बसतो, त्यापेक्षा पत्रच बरं. प्रतीकची कारखान्यातली पाळी पुन्हा सकाळची झाली. माझ्या कोचिंगच्या नव्या बॅचेस सुरू झाल्या आहेत. एम. पी. नगरात दिवसभर रसायनशास्त्र शिकवून घरी येते तेव्हा घसा बसलेला असतो.

पण आज लिहायला बसले ती शमिकासाठी. मे महिन्यात वर्ध्याहून परत आल्यापासून तिचं जेवण म्हणजे एक परेशानी झाली आहे. अर्धी ज्वारीची भाकरी खायला तास लागतो. प्रत्येक घासावर पाणी. घास गालात धरून ठेवते, डोळे मोठे करते आणि मग गिळते. या आठवड्यात तीनदा ओकली. शाळेतून डबा जसाच्या तसा परत येतो. जानेवारीत वजन साडेचौदा किलो होतं, आजही तेवढंच आहे, आणि पुढच्या महिन्यात ती सहा वर्षांची होईल.

तीन वर्षांपूर्वी तिचं सीलिॲक निघालं तेव्हाही सुरुवात अशीच होती. गव्हाच्या कणानेही तिच्या आतड्याला इजा होते हे तेव्हा कळलं आणि आपण घरातून गहू, मैदा, रवा सगळं हद्दपार केलं. त्यामुळे मनात पुन्हा तेच येतं. आई, रागावू नका, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. वर्ध्याच्या त्या वीस दिवसांत चुकून काही गव्हाचं तिच्या पोटात गेलं असेल का? शेजारून आलेलं बिस्किट, देवळातला शिरा? मी आरोप करत नाही. आठवून कळवा, म्हणजे डॉक्टरांना नीट सांगता येईल. पुढच्या आठवड्यात जाँच करवून घेणार आहोत.

गुडघ्याला जपा. आणि रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
मंजूषा


वर्धा
१६ जुलै २०२४

चि. सौ. मंजूषास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा जास्त. आरोप करत नाही असं तू लिहिलं आहेस. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा न लिहिलेलं वाचायची मला सवय आहे.

तुम्ही यायच्या आधी मी नवा तवा आणला. जुनं पोळपाट-लाटणं माळ्यावर टाकलं. गिरणीत ज्वारीच्या आधी गहू दळतात म्हणून कोपऱ्यातलं जातं धुऊन घेतलं आणि या वयात स्वतः दळलं. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली, त्यात गव्हाचं पीठ निघालं. मग वीस दिवस वरणाला हिंग नाही. तुझे दीर जयंत रोज पहिल्या घासाला तोंड वाकडं करायचे, तेही ऐकून घेतलं. तेव्हा माझ्या घरात तिच्या पोटात गहू गेलेला नाही, हे देवासमोर बसून लिहिते आहे.

आता जे कळवलं नव्हतं तेही कळवते. ती इथेही अशीच ताटावर बसून राहायची. मला वाटलं हट्ट आहे, एकुलती एक, लाडावलेली. तुम्ही दोघं सेवाग्रामला गेला होता त्या दुपारी मी तिला ताटावरून उठू दिलं नाही. सगळं संपल्याशिवाय हलायचं नाही असं दटावलं. ती रडत रडत खात राहिली आणि शेवटी सगळं ओकली. त्यावरही मी तिला नाटकी म्हणाले.

पोरगी वाळली आहे, तिचं दूध वाढव. दोनाचे तीन पेले कर, वर सायही घाल. डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नकोस. आणि परेशानीला आपल्याकडे काळजी म्हणतात, जाँचेला तपासणी. तुझे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला गेले म्हणून मराठीही तिकडचीच व्हायला हवी असं नाही.

शमिकेला पापा. तुझ्यावर राग आहे, पण तो पुढच्या पत्रापर्यंत टिकेल असं दिसत नाही.

तुझी,
आई


भोपाळ
१४ ऑगस्ट २०२४

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे सांगते की शमिका बरी आहे, आत्ता पलंगावर चित्र काढते आहे. आता बाकीचं बसून वाचा.

चार तारखेच्या रविवारी दुपारी जेवताना भाकरीचा घास तिच्या अन्ननळीत अडकला. श्वास चालू होता, रडतही होती, पण स्वतःची थुंकीसुद्धा तिला गिळता येईना. लाळ हनुवटीवरून खाली गळत होती आणि ती फ्रॉकच्या घेराने पुसत होती. छातीवर बोट ठेवून एवढंच म्हणाली की इथे अडकलंय आणि जात नाही. मी पाणी द्यायला गेले, तेही परत बाहेर आलं. प्रतीकने तिला तशीच उचलली. इस्पितळापर्यंतच्या वीस मिनिटांत मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. प्रतीक म्हणतो की मी सारखी वाटेतले सिग्नल मोजत होते.

भूल देऊन, तोंडातून दुर्बिणीची नळी घालून तो घास काढला. त्याच वेळी डॉक्टरांनी अन्ननळीचे आणि आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेतले. आठवड्याने अहवाल आला. आई, तिचं आतडं पूर्ण भरून आलं आहे. जुलैत केलेली रक्तातली सीलिॲकची तपासणीही स्वच्छ आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या की या मुलीचा गहू इतका नीट सांभाळलेला आहे की घरच्या मंडळींचं कौतुक करायला हवं. मी मान खाली घालून ऐकलं. ते कौतुक तुमच्या जात्याचं होतं आणि मी तुम्हाला कसं पत्र लिहिलं होतं! माझं चुकलं. मनापासून माफी मागते.

दुखणं दुसरंच निघालं. नाव लांबलचक आहे, इओसिनोफिलिक इसोफेजायटिस. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी अन्ननळीत जमून बसतात, नळी सुजते, ताठ होते. दुर्बिणीतून आत उभे चरे आणि पांढरे ठिपके दिसले. अशा पेशी एका ठिकाणी पंधराच्या आत असाव्यात, तिच्या बासष्ट होत्या. बाई म्हणाल्या की सीलिॲक वेगळं आणि हे वेगळं, पण एकाच मुलाला दोन्ही असू शकतात. आणि म्हणाल्या की ही मुलगी हट्टी नाही. रोज दुखणाऱ्या नळीतून घास कसा उतरवायचा ते तिने एकटीने शोधून काढलं होतं, बारीक चावायचं, पाणी प्यायचं, वाट बघायची. तेवढ्यावर मी रडले.

हे बहुतेक एखाद्या खाण्याच्या पदार्थाने होतं आणि लहान मुलांत पहिला संशय दुधावर असतो. आता तीन महिने दूध, दही, तूप, ताक, पनीर सगळं बंद आणि मग पुन्हा दुर्बीण. आई, गहू गेला म्हणून मीच तिला दुधावर वाढवत होते. सकाळी पेला, संध्याकाळी पेला, डब्यात पनीर. स्वतःच्या हाताने. बाईंनी सांगितलं की कोणत्याही आईने हेच केलं असतं, तरी मनातून जात नाही.

उत्तर लवकर लिहा. माफ केलं असेल तर जरा आधीच टाका.

तुमची,
मंजूषा


वर्धा
२२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मंजूषास,
अ. उ. आ.

माफीचा विषय संपला. पुन्हा काढलास तर मी रागावेन.

दुधाचं मनाला लावून घेऊ नकोस. तिसरा पेला कोणी वाढवायला सांगितला ते माझ्या पत्रात निळ्या शाईने लिहिलेलं आहे. दोन बायकांनी मिळून एका लेकरावर माया केली, ती उलटली. आता दोघी मिळून निस्तरू.

जयंतने मला त्या दुखण्याची माहिती मोठ्या अक्षरांत छापून दिली. वाचत असताना माझ्या डोळ्यांसमोर ती दुपार उभी राहिली. मी इतकी मुलं शिकवली, एकालाही कधी विनाकारण शिक्षा केली नाही असा माझा अभिमान होता. तो गेला. गेला ते बरं झालं.

खोबऱ्याचं दूध, तिळाची चटणी, नाचणीची आंबील असं मी सुचवणार होते, पण यापुढे तुमच्या डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय या घरातून एकही पाककृती बाहेर पडणार नाही. तू विचार आणि मला कळव.

सोबतचा कागद शमिकेला वाचून दाखव. एक शब्दही बदलू नकोस.

तुझी,
आई

*

प्रिय शमिका,
मे महिन्यात तू माझ्याकडे जेवायला बसली होतीस तेव्हा मी तुला उठू दिलं नाही आणि नाटकी म्हणाले. तुझ्या गळ्यात खरंच दुखत होतं. तू खरं बोलत होतीस आणि आजी चुकली. मला माफ करशील का? यापुढे तू पुरे म्हणालीस की पुरे.
तुझी आजी, मनोरमा


भोपाळ
२८ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा तो कागद शमिकाने उशीखाली ठेवला आहे. वाचून दाखवला तेव्हा ती तो दोन्ही बाजूंनी उलटून बघत होती. मग तिने विचारलं की मोठ्या माणसांनाही सॉरी म्हणावं लागतं का. मी हो म्हणाले. तेव्हा उत्तर लिहून घे म्हणाली, आणि उत्तर एवढंच की चालेल.

गणपतीत आमच्या मराठी मंडळात एका काकूंनी तिच्या हातावर पेढा ठेवला. प्रसाद आहे, एवढ्याशाने काही होत नाही, असा त्यांचा आग्रह. मी गर्दीतून पोचेपर्यंत शमिकाने पेढा बाप्पासमोर परत ठेवला होता आणि काकूंना समजावत होती की तिला दूध नको, गहू पण नको, पण फूल दिलं तर चालेल. काकूंनी तिला अख्खा हार दिला. इथल्या आहारतज्ज्ञ कांचनताईंनी तुमच्या तिन्ही पाककृती पास केल्या, तिळाला तर शाबासकी दिली. कॅल्शियमचं औषधही चालू आहे.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते. गेल्या आठवड्यात पुन्हा दुर्बीण झाली. बासष्टाचे चोवीस झाले. बाई खूश होत्या की दुधाचा संशय खरा ठरतो आहे. पण पंधराच्या वरच आहे ना. मी तीन महिने शून्याची स्वप्नं बघत होते. गाडीत बसल्यावर प्रतीकला म्हणाले की आता आणखी काय काढून घ्यायचं तिच्या ताटातून, अंडं, शेंगदाणे, डाळ? उरलं काय मग? तो नेहमी गप्प असतो, पण त्या दिवशी म्हणाला की ओकारी ऐकून किती दिवस झाले ते आठव. आठवलं. दोन महिने.

बाईंनीही ताटातून आणखी काही काढायला नको असंच ठरवलं. एक औषध दिलं आहे, दम्याच्या मुलांना वाफेतून देतात तेच, पण हिला मधात घट्ट कालवून चाटवायचं. ते नळीला आतून लागून राहायला हवं, म्हणून नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. त्या अर्ध्या तासात मी तिला गोष्ट सांगते. माझ्या गोष्टी संपल्या आहेत, काल मूलद्रव्यांची सारणी सांगितली. तुमच्याकडे काही असतील तर पाठवा.

थंडी वाढली आहे. आशीर्वाद दोन मुठी जास्त पाठवा.

तुमची,
मंजूषा


भोपाळ
२ मार्च २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तीन! आई, बासष्टावरून चोवीस आणि चोविसावरून तीन.

गुरुवारी मी वर्गात होते तेव्हा तिसऱ्या दुर्बिणीचा अहवाल सांगायला बाईंचा फोन आला. बाहेर जिन्यात जाऊन घेतला. नळीतले चरे गेले, ठिपके गेले, सूज नाही. मी तीन हा आकडा त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. वर्गात परत आले तर फळ्यावर अर्धं समीकरण तसंच होतं आणि मला ते पुढे नेता येईना. मुलांनी विचारलं की मॅडम, सगळं ठीक आहे ना. मी हो म्हणाले आणि त्यांना दहा मिनिटं आधी सोडून दिलं. अशी मी पहिल्यांदाच वागले.

बाईंनी हेही स्पष्ट सांगितलं की हे कायमचं बरं झालेलं नाही, ताब्यात आलं आहे. दूध आणि गहू बंदच राहणार. औषध हळूहळू कमी करून बघू, अधूनमधून दुर्बीण लागेल. हे ऐकताना मला भीती वाटली नाही. काय करायचं ते ठाऊक असलं की माणूस निवांत होतो, हे मला या आठ महिन्यांत समजलं. वजन साडेसोळा झालं आहे. शाळेचे बूट घट्ट होतात म्हणून तिची तक्रार, आणि ती तक्रार मी कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरते.

त्या संध्याकाळी आम्ही कुठे बाहेर गेलो नाही. घरीच भाकरी आणि वांग्याची भाजी केली. शमिका जेवता जेवता शाळेतल्या कुठल्या भांडणाची हकिकत सांगत होती, कोण कोणाशी कट्टी आणि का. तोंडात घास आणि तोंडाने बडबड. मी ऐकत होते, प्रतीक ऐकत होता. हकिकत रंगली तसे घास एकामागून एक जायला लागले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की अगं, हळू खा.

आई, असं मी तिला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. प्रतीकने माझ्याकडे बघितलं. मग उगाच फोन कानाला लावून तो बाल्कनीत गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला. शमिकाला काहीच कळलं नाही. तिने ताट पुढे केलं आणि आणखी अर्धी भाकरी मागितली. मी पूर्ण वाढली.

गुडघा बरा असेल तर एप्रिलात या. तिकीट प्रतीक काढेल. यायचं जमलं नाही तर आम्ही येऊ, पण भेट हवी. तोवर असाच जीव लावा.

तुमची,
मंजूषा