फोरमनसाहेबांचा जुना मित्र

ती. ताईस,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भावोजी कवळी तोंडात ठेवू लागले की अजून खिशातच, ते कळव. मी ठणठणीत आहे. गेल्या पत्रात तू विचारलं होतंस की दिवसभरात मी कोणाशी चार शब्द बोलतो तरी का. त्याचंच उत्तर लिहायला बसलोय, जरा लांबेल.

महिन्यापूर्वी बँकेच्या रांगेत एका गृहस्थांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ओळखलंस का?" मी ओळखलं नव्हतं. पण माणूस इतका खुशीत होता की नाही म्हणणं जिवावर आलं (माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, न्हाव्याने डोक्याची वाट लावली तरी मी आरशात बघून छान म्हणतो). "न ओळखायला काय झालं?" मी म्हणालो. झालं, रविवारी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला येण्याचं त्यांनी माझ्याकडून कबूलच करून घेतलं.

गेलो. छापखान्याचा वरचा मजला, चाळीसेक खुर्च्या, शाईचा वास. गृहस्थ तिथले फोरमन, एवढं कळलं. मी दाराजवळची खुर्ची धरली, निसटायला बरी म्हणून. तेवढ्यात मालकांनी, आता साहेबांचे बालमित्र दोन शब्द बोलतील, असं जाहीर करून थेट माझ्याकडे हात केला.

ताई, खोटं बोलताना मी अडखळतो, म्हणून खरंच बोललो. यांना मी पुरता ओळखतो असा दावा मी कधीच करणार नाही, म्हणालो. यांच्याबद्दल सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. यांच्यामुळे आज मी कुठे उभा आहे, ते माझं मलाच ठाऊक. एवढं बोलून बसलो. टाळ्या थांबेनात. फोरमनच्या बायकोने डोळ्यांना रुमाल लावला (माझा आवाज चिरकला होता, लोकांना तो गहिवर वाटला).

नंतर फोरमननी मला कागदाच्या गठ्ठ्यांमागे नेलं आणि हळूच विचारलं, "राग मानू नकोस, पण तू शाळेतला बोकाच ना?" नाही, मी म्हणालो, माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी पुन्हा एकदा माझा कान निरखला. बोक्याच्या कानाला खाच होती म्हणे, आणि भाषणभर ते माझे कान तपासत होते. मग आधी त्यांना हसू फुटलं, मग मला, आणि शेवटी दोघांनाही गठ्ठ्यांवर बसावं लागलं. हसू ओसरल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"बायकोला सांगू नकोस," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा माझ्याबद्दल कोणाकडून चांगलं ऐकलंय."

तेव्हापासून रोज दुपारी ते दुकानात येतात. मी घड्याळं उघडतो, ते पेपरातल्या छपाईच्या चुका मोठ्याने वाचतात. रविवारी जेवायला त्यांच्याकडे. वहिनी लहानपणच्या खोड्या विचारतात, आम्ही ताज्या ताज्या तयार करतो. एकूण मजेत चाललंय. तू काळजी सोड.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या आठवड्यात चार दिवस तुझ्याकडे येतोय. फोरमनसाहेबही बरोबर आहेत.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र याचसाठी लिहिलं. दार उघडल्याबरोबर तू त्यांना नाव विचार, आणि मला ऐकू येईल असं विचार. छापखान्यात सगळे त्यांना साहेब म्हणतात, वहिनी अहो म्हणतात, आणि मी आता कोणत्या तोंडाने विचारू?