लीड्सची मनं मोजताना

लीड्स, ऑक्टोबर २००६

ती. यमुनाआत्यांना शैलाचा वाकून नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही सारे बरे आहोत.

मी कसली नोकरी धरली, असं तुम्ही फोनवर विचारलंत. आत्या, मी दारोदार फिरून लोकांची मनं मोजते. ‘देश फक्त इथल्यांचाच’ म्हणणारे कडवे उजवे पक्ष लोकांना कितपत पटतात, याची युरोपभर पाहणी चालू आहे. (आमच्या नवरोबांच्या, राजीवच्या, मते त्यासाठी साडी नेसून बसमध्ये बसलं तरी पुरे.) आमचा मुख्य नियम म्हणजे उत्तर काहीही येवो, आपण मत द्यायचं नाही.

मागच्या महिन्यात मिस्टर हार्डकासल नावाच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी माझी ओली छत्री स्वतः वाळत ठेवली, चहा केला, बिस्किटं काढली आणि बाहेरून आलेल्या सगळ्यांना परत पाठवावं याला ‘पूर्ण सहमत’ असं उत्तर दिलं. वर म्हणाले, “तुम्ही नाही हं. तुम्ही बसा.” याला माझ्याकडे रकाना नव्हता. पुढच्या प्रश्नाला ते छाती धरून खुर्चीतच कलंडले. (प्रश्न युरोपियन युनियनबद्दल होता.) मी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत त्यांचा हात धरून बसले. ॲम्ब्युलन्सवाला लाहोरकडचा, वॉर्डातली नर्स केरळची आणि हृदयाचे डॉक्टर आपले मराठी, अतुल जोगळेकर! मला वाटलं, आता यांचं मत बदलणार.

जरा सावरल्यावर भेटायला गेले, तर स्वारी उशीला टेकून बसलेली. “आपले प्रश्न अर्धवट राहिले,” म्हणाले. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“पूर्ण सहमत.” मग वॉर्डाकडे बघत हळूच म्हणाले, “ही मंडळी सोडून.”

“मग उरलं कोण?” मी नियम मोडून विचारलं.

ते म्हणाले, “ते मी कधी पाहिलेले नाहीत.”

मी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली आणि त्यांना संत्रं सोलून दिलं. आता ते घरी आहेत. अधूनमधून मी चहाला जाते. मत तेच आहे, बिस्किटं मात्र बदलली.

सर्वांना यथायोग्य.

तुमची,
शैला

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. आमची ईशिता एका पोलिश मुलाला घरी आणते. मुलगा गुणी आहे, जेवल्यावर भांडीसुद्धा घासतो. तरी मिरजेकडे आपल्यातलं एखादं स्थळ असेल तर कळवा. आपल्यातलं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक. फोन राजीवने उचलला तर हा विषय काढू नका. तो त्या मुलाकडून पोलिश शिकतोय.