जेवढं आत, तेवढं बाहेर

२ तारीख

पोहोचले. खोली प्रयोगशाळेच्या वरच आहे. जिना उतरला की कामावर. खिडकी मोठी, पलंग दोन. दुसरा धाकटीसाठी. तिची परीक्षा संपली की ती येणार, तिलाही इथेच लावून घेऊ, असं प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या. बाबांनी आम्हा दोघींना घरीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. आधी दिसलं ते लिहायचं, मग वाटलं ते, हा त्यांचा नियम. पंप सांभाळणाऱ्या मेकॅनिककाकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे वर्गात पहिला नंबर तुझा आणि शेवटचाही तुझाच. मी म्हटलं, शेवटचा धाकटीचा. ते खूप हसले.

दिसलं ते: घागरीएवढं काचेचं पात्र, त्यात हिरवंगार सूक्ष्म शेवाळ, भोवती कधीच न विझणारे दिवे. वाटलं ते: फार आनंद.

५ तारीख

काम समजलं. वरच्या बाटलीतून थेंबथेंब पाणी पात्रात पडतं. बाई त्याला खाऊ म्हणतात. जेवढं आत जाईल तेवढंच शेवाळ बाजूच्या नळीतून खालच्या बाटलीत वाहून जातं. खाऊत सगळं भरपूर, फक्त नायट्रेट मुद्दाम कमी, म्हणजे शेवाळ त्या थेंबांच्या मापानेच वाढतं. बाई म्हणाल्या, आपली खानावळ आहे. कुणी मरायला नको आणि कुणाचं पोटही भरायला नको.

काही शेवाळ वाहून जायला नको म्हणून काचेला आतून चिकटून बसतं. ते रोज खरवडायचं, बाहेरून लोहचुंबक फिरवून आतली लोखंडी पट्टी सरकवत.

माझ्याआधीच्या मुलीचा ॲप्रन अजून खुंटीवर आहे, खिशात केसांची पिन. ती कुठे गेली विचारलं. बाई म्हणाल्या, तब्येत उतरली तिची.

११ तारीख

माझ्या हातून चूक झाली. बाटली बदलताना नळीवरचा चिमटा बंद केला होता, तो उघडायचा राहिला. आज लक्षात आलं. वरची बाटली काठोकाठ तशीच आहे. इतके दिवस पात्रात एक थेंब गेलेला नाही.

उपाशी शेवाळ आधी स्वतःचाच हिरवा रंग खातं आणि पिवळं पडतं. हे मात्र पूर्वीपेक्षा गडद झालंय. आणि खालची बाटली भरतच होती. मीच ती रोज ओतून टाकत होते. पात्रातली पातळी तीळभर उतरलेली नाही. तपासलं, परत तपासलं.

बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. चिमटा बंदच राहू दे म्हणाल्या. मग विचारलं, तुला तहान लागते का. मी आठवून बघितलं. लागत नाही.

१४ तारीख

पाणी पिते. घाम येत नाही. तापलेल्या शेगडीला बोटं लागली, कातडी पांढरी पडली, दुखलं नाही. रडू येईल असं वाटलं होतं. डोळे कोरडे. आरशात चेहरा कडेने पिवळा दिसतो, जुन्या पानासारखा.

बाटलीतून काही जात नाही. मग आत जातं ते माझ्यातून. त्याला नळी लागत नाही.

मेकॅनिककाका आता थट्टा करत नाहीत. पंपाकडे तोंड करून म्हणाले, पोरी, जावंसं वाटतंय तोवर जा. आधीचीला हे सांगायला मला उशीर झाला होता.

जावंसं वाटतंय का, ते मी बराच वेळ शोधत राहिले.

१७ तारीख

बाबांचा फोन. धाकटीची बॅग भरून झाली. तिला पाठवू नका, एवढंच म्हणायचं होतं. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं.

म्हटलं, पाठवा. आवाज माझाच होता.

१९ तारीख

काचेवर आतून पाच ठिपके. खरवडले. पुन्हा तिथेच. बाहेरून माझी बोटं टेकवून पाहिली — बरोबर बसली.

चिकटून बसलंय कुणीतरी. वाहून जायचं नाही म्हणून.

आज खरवडलं नाही.

२० तारीख

बाई म्हणाल्या, शेवाळाचा रंग उतरतोय, नवीन खाऊ लागेल. धाकटी कधी येते, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्या पलंगावर चादर त्यांनीच घातली.

२१ तारीख

चिमटा उघडला तर — त्याला त्याचं खायला मिळेल, मग धाकटीला —

खाली गेले होते. बोटांना चिमटा जाणवतच नाही. दाबते आहे की नाही, कळत नाही. दात लावले. दात —

२२ तारीख

खोलीला आतून कडी लावली. ती आली तरी उघडायची नाही. एवढं एक ठरवलं. लिहून ठेवते — उघडायची नाही.

जिन्यावर पावलं. तिचीच. दोन-दोन पायऱ्या एकदम.

ताई, ताई म्हणून हाक मारते आहे. दार वाजवते आहे. हसते आहे.

दिसलं ते: एक हात वहीवर. दुसरा कडीवर. कडी निघालेली आहे.

वाटलं ते: