धुऱ्यावरचं हिरवं गवत

केशोरी,
६ सप्टेंबर २०२५

रोशन बाळा,

तू गेलास त्याच्या दुसऱ्या सकाळी मी गोठा झाडला, शेण उचललं आणि धानाच्या बांधीच्या कडेचं, धुऱ्यावरचं गवत कापून कपिली गाईपुढं टाकलं. पोळा करून तू नागपूरला परतला होतास. गवत हिरवंगार होतं. तुझे बाबा असते तर विळा त्यांच्या हातात असता. दूध काढून गडवा शेजारी नीतूकडं दिला. तिला अंगावर दूध नाही, लेकरू आपल्याच गाईवर आहे. तिची सासू पुष्पाबाई म्हणाली, "देवकाबाई, तुमची गाय माह्या नातीची दुसरी माय होऊन राहिली वो."

इकडे मी बरी आहे. धान चांगलं आहे. रेणू सूनबाईला आशीर्वाद.

पुढं काही दिवसांनी धुरा पिवळा पडला, धान मात्र हिरवंच. मला वाटलं, रोग आला. मग गोठ्याच्या वळचणीला गवत मारायच्या दवेची बाटली दिसली. अक्षर लावून लावून वाचली. फवारलेलं गवत जनावरांना घालू नये, असं लिहिलं होतं.

रोशन, मी त्या धुऱ्यावर बसूनच राहिले. जे हिरवं म्हणून मी कापत होते, ते आतून मरणाला लागलेलं होतं, आणि कपिली रोज त्याचं पांढरं दूध करत होती. गवतातलं गाईत, गाईतलं त्या इवल्या पोटात. जन्मभर दूध काढलं, पण ही वाट कधी मनात आली नव्हती. केवढी लांब, आणि कुठं दिसतसुद्धा नाही.

अर्जुनीच्या गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दुधात उतरलं तरी थोडंच उतरते, बाई. पण इथं तपासणी नाही. अजिबात उतरलं नाही म्हणून कसं सांगू?"

त्या संध्याकाळी दूध उकिरड्यावर ओतलं. पुष्पाबाईनं विचारलं, "काऊन वो, आज गडवा नाही?" गाय लाथा मारते, असं मी सांगितलं. ती हसली, "म्हातारपणी नखरे करते का तुमच्यासारखी?" मलाही हसावं लागलं. लेकरू आत रडत होतं.

माझे गुडघे दुखतात, मला गवत काढायला वाकावं लागू नये म्हणून पोळ्याला आलास तेव्हा तू दवा मारलीस, मला न सांगता. मला ते कळतं. तुझं नाव गावात निघू नये म्हणून मी खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नीतूच्या दारात गेले आणि गवतावर दवा माझ्या रोशननं मारली, दूध मी दिलं, असं तिला सांगितलं.

तरीही तुझीच,
आई