माहितीपटातले डूल

आक-बुलाक, ३ जून १९७२

प्रिय कालिपा एजे,
धाकट्या भावाचा सलाम वि. वि.

तू थोरली बहीण, शिवाय राजधानीत राहतेस, म्हणून तुलाच लिहितो. दोन वर्षांपूर्वी कॉलेज अर्धवट सोडून आल्याबद्दलच्या उरलेल्या शिव्या नंतर दे, आधी हे वाच.

इकडे स्टुडिओची माणसं आलीत. लग्नाच्या जुन्या चालींवर माहितीपट काढतायत, शाळाशाळांतून दाखवायला. नवरी कोण? बुरुल! गुरांच्या डॉक्टरांची मदतनीस, माझी बुरुल. (माझी आहे हे तिला अजून माहीत नाही.) आणि नवरा कोण, तर ट्रॅक्टरवाला तिलेक! माझ्यात काय कमी आहे असं विचारलं, तर दिग्दर्शक म्हणतो, की तुझा चेहरा सोयरीक जोडायला नाही, मोडायला आल्यासारखा दिसतो. मला दिलाय चंदेरी कागद लावलेला फळा. मी त्याने बुरुलच्या तोंडावर ऊन पाडायचं, आणि त्या उजेडात तिलेकने तिला न्याहाळायचं!

आठ तारखेला तिलेकची आई बुरुलच्या कानात डूल घालणार, म्हणजे जुन्या चालीप्रमाणे सोयरीक पक्की. त्याची खरी आई, मुलाची आई म्हणून दुसरी बाई उभी राहिलेली तिला खपत नाही. फळा मोडून टाकू का? लगेच कळव.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा एर्मेक

फ्रुंझे, ६ जून

चि. एर्मेक यास अ. उ. आ.

फळा मोडू नकोस, सरकारी असेल. अरे वेड्या, सिनेमातले डूल संध्याकाळी पेटीत जातात. दोन वर्षांत तू त्या मुलीशी बोललास काय, तर मेंढ्यांच्या खुरांबद्दल. धडधाकट मेंढ्या लंगड्या म्हणून तिच्याकडे नेल्यास, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. एकदा सरळ विचार की तिला!

तब्येतीला जप, त्याहून जिभेला.
तुझी कालिपा

आक-बुलाक, ९ जून

एजे, सलाम वि. वि.

घात झाला! काल तिलेकच्या आईने डूल घातले. तेवढ्यात भिंतीपाशी बसलेली बुरुलची आजी उठली, दोन्ही तळवे उघडले आणि चांगली लांबलचक दुआ दिली. सगळ्या गावाने ओमीन म्हणून तोंडावरून हात फिरवले. दिग्दर्शक खूश, की असं अस्सल काम पैसे देऊनही मिळत नाही. आणि आता आजी म्हणते, डूल घातले, दुआ झाली, सोयरीक पक्की. बुरुलला डूल काढू देत नाही. तिलेकची आई बुरुलच्या दारात मेंढा बांधून गेलीसुद्धा. आणि माहितीपटात निवेदक सांगणार, की ही चाल आता उरलेली नाही!

मी तावातावाने आजीला सांगितलं, की हा सिनेमा आहे. तिने थंडपणे विचारलं, की दुआ पण सिनेमाची होती का? आणि तू स्वतः ओमीन म्हणालास ते?

म्हणालो, एजे. सगळ्यांचे तळवे वर गेले तसे माझेही गेले. लहानपणापासूनची सवय! फळा मांडीला टेकवला आणि माझ्याच बुरुलच्या दुसऱ्याशी ठरणाऱ्या लग्नाला ओमीन म्हणून तोंड पुसलं. आता घोडा काढतो आणि डोंगरात जातो.

उरला असेल तो लोभ या गाढवावर ठेव.
एर्मेक

फ्रुंझे, १२ जून

चि. एर्मेक यास अ. उ. आ.

डोंगरात जाऊ नकोस, जेवायला परतच येशील. तू फळा खाली घेतलास ना? मग ऐन वेळी मुलीचं तोंड अंधारात गेलं असणार. हे त्या सिनेमावाल्याला ठाऊक आहे का? इकडे येऊन फिल्म धुतल्याशिवाय त्याला कळायचं नाही. जा, कबूल कर, शिव्या खा. पुन्हा चित्रण करायचं तर डूल आधी काढावे लागतील.

अकलेलाही थोडा लोभ लाव.
कालिपा

आक-बुलाक, १७ जून

प्रिय एजे, सलाम वि. वि.

कबूल केलं. दिग्दर्शकाने ज्या शिव्या दिल्या त्या कुठल्याही शाळेत दाखवता येणार नाहीत. मग त्याने बुरुलला सगळ्यांसमोर डूल काढायला लावले. तिलेकची आई भडकली, की घातलेले डूल काढणारी पोरगी आमच्या दारात नको, आणि मुलाला व मेंढ्याला एकदमच ओढत घेऊन गेली. तिलेक जाता जाता माझा हात दाबून गेला. त्याचं म्हणे दूधकेंद्रावरच्या मुलीशी जमलंय.

आता ना नवरा, ना सासू. दिग्दर्शकाने हताशपणे माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्या-माझ्या आईकडे. आई लगेच नवा रुमाल बांधून आली.

सुरुवातीआधी बुरुल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, की आजी आजही दुआ देणार. नुसतं सिनेमापुरतं करणार असशील तर आत्ताच सांग. मी काय भितो? अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ठणकावलं, की सिनेमा गेला खड्ड्यात, मला तू हवी आहेस!

डूल घातले, दुआ झाली. लोकर कातरून झाली की लग्न. तू आधी चार दिवस ये.

यापुढे लोभ दोघांवर मिळून असावा.
तुझा एर्मेक

ता. क. एजे, मी बुरुल. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. अख्ख्या गावाला कुठलं ऐकू जातंय, याचा आवाज इतका बारीक झाला होता, की आवाज टिपणाऱ्या माणसाने मला विचारलं, तुला तरी ऐकू आलं का? मी नाही म्हटलं, आणि याला पुन्हा म्हणायला लावलं. ऐकू आलं होतं.